पाते नवे, पण तुरटी कोणाची?

फ्लॅट ३०४ : सर्वांना नमस्कार. काल संध्याकाळी सलूनमध्ये दाढी करताना माझ्या हनुवटीजवळ वस्तरा लागला आणि थोडे रक्त आले. कारागिराने पाते माझ्यासमोरच नवे घातले होते, त्यामुळे मी निर्धास्त होतो. मात्र रक्त थांबवण्यासाठी त्याने तुरटीचा जो खडा माझ्या जखमेवर फिरवला, तोच खडा माझ्या आधी खुर्चीवर बसलेल्या गृहस्थांच्या गालावर फिरताना मी आरशात पाहिला होता. घरी आल्यापासून ही गोष्ट मनातून जात नाही. मी उगाच घाबरतो आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

फ्लॅट १०२ : दादा, तुमची काळजी समजते. परंतु तुरटी जंतू मारते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शिवाय कंगवे आणि वस्तरे डेटॉलच्या पाण्यात बुडवून ठेवलेले असतात. प्रत्येकाला वेगळे पाते वापरले की मुख्य धोका टळतो, असे मला वाटते.

फ्लॅट २०१ : मी निवृत्त होईपर्यंत रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. दादांची शंका अगदी रास्त आहे. प्रत्येकाला नवे पाते मिळू लागले ही मोठी सुधारणा आहे. पण त्यामुळे आपले सगळे लक्ष पात्यावरच राहते आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंकडे कोणी पाहत नाही.

आधी तुरटीचे पाहू. तुरटीमुळे त्वचा आकसते आणि रक्तातील प्रथिने साकळतात, म्हणून रक्त थांबते. काही जिवाणूंवर तिचा सौम्य परिणाम होतो हे खरे असले, तरी रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंपासून संरक्षण मिळेल असा भरवसा तिच्यावर ठेवता येत नाही. एका जखमेवरून उचललेला ओला खडा दुसऱ्या जखमेवर ठेवणे म्हणजे एकाचे रक्त दुसऱ्याच्या जखमेपर्यंत पोहोचवणेच होय. तुरटीची पूड स्वच्छ कापसावर घेऊन लावावी आणि तो कापूस लगेच टाकून द्यावा, एवढा साधा त्यावर उपाय आहे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती कावीळ ब, म्हणजे हिपॅटायटिस बी, या रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या आजाराची. त्याचा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातसुद्धा, किमान ७ दिवस संसर्गक्षम राहू शकतो आणि त्यासाठी रक्त डोळ्यांना दिसावे लागतेच असे नाही. रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना बाधित सुई टोचली जाण्याच्या घटनांवरून याचा अंदाज येतो : अशा वेळी एचआयव्हीची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला कावीळ ब होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. वस्तऱ्याची जखम सुईइतकी खोल नसते, म्हणून हे आकडे जसेच्या तसे येथे लावू नयेत. पण लोक एचआयव्हीला घाबरतात आणि काविळीचा विचारही करत नाहीत, हे उलटे आहे, एवढे मात्र त्यावरून लक्षात यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांना दीर्घकालीन कावीळ ब आणि ५ कोटी लोकांना कावीळ क होती. यांतील बहुसंख्य लोकांना आपल्याला आजार असल्याचे ठाऊकही नसते, त्यामुळे शेजारच्या खुर्चीवरील माणूस धडधाकट दिसतो, यावरून काहीच ठरत नाही.

दादा, तुम्ही लस घेतली आहे का? घेतली नसेल किंवा आठवत नसेल, तर आजच डॉक्टरांना भेटा. अशा प्रसंगानंतर कावीळ ब ची लस शक्यतो २४ तासांच्या आत घेतलेली चांगली.

फ्लॅट ३०४ : ताई, मनापासून आभार. कागदपत्रे शोधतो आणि आज डॉक्टरांकडे जातोच.

फ्लॅट १०२ : ताई, मग डेटॉलच्या पाण्याचे काय? त्याचा काहीच उपयोग नाही का?

फ्लॅट २०१ : काका, उपयोग आहे, पण योग्य प्रमाण, पुरेसा वेळ आणि आधीची सफाई या तिन्ही गोष्टी पाळल्या तरच. सकाळी केलेल्या पाण्यात दिवसभर केस आणि साबण पडत राहिले की जंतुनाशकाची ताकद उतरत जाते, आणि अवजारे त्यात नुसती बुचकळून काढली तर शेवटी ओले झाल्याचेच समाधान मिळते. वस्तऱ्याच्या ज्या खाचेत पाते बसते, तेथे फेस, केस आणि क्वचित रक्त साठते. नवे पाते त्याच खाचेत बसवले की ते पहिल्याच क्षणी जुन्या घाणीला टेकते. म्हणून वस्तरा उघडून आधी साबणाने व ब्रशने घासला पाहिजे, मगच जंतुनाशक वापरले पाहिजे. ७० टक्के अल्कोहोल चालते, मात्र ते पृष्ठभागावर थोडा वेळ ओले राहायला हवे. ५ टक्के ब्लीचच्या एका भागात नऊ भाग पाणी मिसळून त्यात १० मिनिटे ठेवले तरी चालते. हे द्रावण रोज ताजे करावे लागते आणि धातू गंजू नये म्हणून वस्तरा नंतर स्वच्छ धुऊन पुसावा लागतो.

आणखी एक गोष्ट पाहून ठेवा. दुधारी पाते मधोमध मोडून अर्धे वापरतात, तेव्हा उरलेले अर्धे वेष्टनाशिवाय खणात किंवा टेबलावर ठेवले जाते. ते न वापरलेले आहे की वापरलेले, हे नंतर खुद्द कारागिरालाही सांगता येत नाही. आपण खुर्चीवर बसल्यानंतर वेष्टन फोडले गेले, तरच पाते नवे समजावे.

फ्लॅट ५०३ : ताई, मुलांच्या बाबतीतही सांगाल का? आमच्या मुलाच्या डोक्यावर केस कापल्यानंतर काही दिवसांनी नायटा उठला होता. तेथे वस्तरा लागलाच नव्हता, फक्त मशीन फिरवले होते.

फ्लॅट २०१ : नायटा बुरशीमुळे होतो आणि ती बुरशी तुटलेल्या केसांवर व त्वचेच्या कोंड्यावर बराच काळ टिकते, त्यामुळे मशीनच्या दातांमधून, कंगव्यातून किंवा गळ्याभोवतीच्या कापडातून ती पसरू शकते. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर मशीनचे दाते ब्रशने झाडून त्यांवर जंतुनाशक मारायला हवे. डोक्यावरचा नायटा केसांच्या मुळाशी असल्याने नुसत्या मलमाने सहसा जात नाही, पोटात औषध घ्यावे लागते; म्हणून घरगुती उपाय न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. तोपर्यंत मुलाचे केस कापू नयेत, कारण आपल्यामुळे दुसऱ्या मुलाला होऊ नये हीही आपलीच जबाबदारी आहे. दाढीत केसतोड किंवा पुरळ असेल, तेव्हा मोठ्यांनीही हाच नियम पाळावा.

फ्लॅट १०२ : हे सर्व पटले. पण इतक्या वर्षांच्या ओळखीच्या माणसाला ‘तुझा वस्तरा घाण आहे’ असे कसे म्हणायचे? त्याच्या हातावर त्याचे घर चालते.

फ्लॅट २०१ : काका, तसे म्हणूच नये. ‘वस्तरा एकदा धुऊन घ्या आणि तुरटीऐवजी कापूस द्या, आम्ही दोन मिनिटे थांबतो’ असे शांतपणे म्हणावे. घाई आपली असते आणि सफाईचा वेळ त्याच्या कमाईतून जातो, हेही आपण मान्य केले पाहिजे. शिवाय सर्वांत जास्त धोका त्यालाच आहे. दिवसभर पाती मोडताना आणि बदलताना त्याच्या बोटांना चिरा पडतात, आणि त्याच बोटांना गिऱ्हाइकांचे रक्त लागते. वापरलेली पाती झाकण असलेल्या जाड डब्यात टाकली, तर त्याची बोटे वाचतील आणि कचरा उचलणाऱ्यांचीही. तुमच्यापैकी कोणी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर खुर्चीवर बसतानाच त्याला सांगा, कारण तुमचे रक्त लवकर थांबणार नाही.

फ्लॅट ३०४ : डॉक्टरांना भेटून आलो. नोकरीच्या वेळी घेतलेल्या लशीच्या तिन्ही मात्रांची नोंद सापडली. संरक्षण पुरेसे आहे का हे पाहण्यासाठी त्यांनी रक्ततपासणी सांगितली आहे. येताना सलूनमध्ये थांबलो आणि ताईंनी सांगितल्याप्रमाणेच बोललो. कारागिराला राग आला नाही. त्याने खडा माझ्यासमोर टाकून दिला, मग चिरा पडलेली स्वतःची बोटे दाखवली आणि ही लस त्याला कोठे मिळेल, असे विचारले. ताई, उद्या सकाळी त्याच्यासोबत मी दवाखान्यात जातो आहे. जाताना त्याने कोणकोणते प्रश्न विचारावेत, ते मला लिहून द्याल का?