प्रवासात असताना आपली इंटरनेट रहदारी घरच्या व्हीपीएनमधून न्यावी का?

वाटसरू (धागालेखक):
कामानिमित्त महिन्यातले आठ-दहा दिवस मी पुण्याबाहेर असतो आणि बहुतेक वेळा हॉटेलच्या वाय-फायवरच काम करतो. गेल्या वर्षी घरच्या राउटरशेजारी एक रास्पबेरी पाय (छोटासा संगणक) बसवून त्यावर वायरगार्ड हे व्हीपीएनचे सॉफ्टवेअर चालू केले. तेव्हापासून बाहेर असताना फोनची व लॅपटॉपची सगळी रहदारी कूटबद्ध होऊन आधी घरी येते आणि तिथून पुढे जाते. घरी चांगले ब्रॉडबँड असणाऱ्या प्रत्येकाने विकतच्या व्हीपीएनपेक्षा हाच मार्ग धरावा, असे माझे ठाम मत आहे. विकतच्या सेवेत आपला विश्वास हॉटेलवरून फक्त एका अनोळखी कंपनीकडे सरकतो. शिवाय सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा सेवा देणाऱ्यांना ग्राहकांची नावे, पत्ते आणि त्यांना दिलेले आयपी पत्ते (इंटरनेटवरचे ओळख-क्रमांक) निदान पाच वर्षे जपून ठेवावे लागतात. घरच्या व्हीपीएनने मी अनामिक होत नाही, याची मला कल्पना आहे. घरच्या सेवादात्याला जे दिसायचे ते दिसतेच, पण मधला अनोळखी माणूस वगळला जातो आणि मला तेवढेच हवे आहे.

तारघर:
मी या मताशी सहमत नाही. सार्वजनिक वाय-फायची भीती एके काळी अगदी रास्त होती. २०१० मध्ये फायरशीप नावाचे ब्राउझरचे जोडसाधन आले, तेव्हा त्याच वाय-फायवर बसलेल्या दुसऱ्याच्या फेसबुक खात्यात सहज शिरता येत असे, कारण लॉगिननंतरची कुकी, म्हणजे ओळख पटवणारी खूण, उघड्यावर जात होती. आज बँक, ईमेल, खरेदी हे सगळे एचटीटीपीएसवर, म्हणजे कूटबद्ध जोडणीवर आहे आणि लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळे लहानशा संकेतस्थळालाही त्यासाठीचे प्रमाणपत्र फुकट मिळते. म्हणजे जो धोका बराच ओसरला आहे, त्याच्यासाठी तुम्ही घरच्या राउटरवर एक पोर्ट (बाहेरून आत येण्याचे दार) उघडता आणि वर्षभर कोणी अद्ययावत न केलेले एक यंत्र त्यामागे ठेवता. व्हीपीएनफिल्टर नावाच्या घातक सॉफ्टवेअरने २०१८ मध्ये निदान पाच लाख राउटर व साठवण-यंत्रे बाधित केली होती, आणि त्यांतली बरीचशी घरांत व छोट्या कार्यालयांतच होती. दुसरे असे की, तुमचा लॅपटॉप बाहेर बाधित झाला, तर व्हीपीएनचे हेच टनेल (घरापर्यंतची कूटबद्ध वाट) तो संसर्ग आई-वडिलांच्या संगणकापर्यंत आणून सोडेल.

वाटसरू:
तुमचा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो मी सुरुवातीलाच लिहायला हवा होता. माझ्याकडे फायरवॉलचा एक नियम आहे, ज्यामुळे टनेलमधून आलेली रहदारी फक्त बाहेरच्या इंटरनेटकडे जाऊ शकते, घरातल्या इतर यंत्रांकडे नाही. पोर्टबाबत मात्र माझा आक्षेप आहे. ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही त्याला वायरगार्ड काहीच उत्तर देत नाही, त्यामुळे चाचपणी करणाऱ्याला तिथे काही चालू आहे हेही कळत नाही; आणि फोन हरवला तर सर्व्हरवरून त्याची किल्ली काढून टाकली की काम झाले. एचटीटीपीएसने मजकूर झाकला जातो हे खरे, परंतु कोणत्या संकेतस्थळाशी जोडणी झाली हे डीएनएसच्या (नावावरून संकेतस्थळाचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेच्या) विचारणेतून आणि जोडणीच्या पहिल्या संदेशातून बहुधा उघड होते. मी कोणत्या रुग्णालयाचे संकेतस्थळ रात्री अकरा वाजता उघडले, हे हॉटेलच्या राउटरला कळण्याचे काहीच कारण नाही.

ओसरी:
दोन्ही बाजू वाचल्या, पण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी प्रश्न त्याआधीच सुरू होतो. आमचा सेवादाता अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतो, त्यामुळे बाहेरून घरच्या राउटरपर्यंत पोहोचताच येत नाही. राउटरच्या पानावरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसला, तर आपलेही तसेच आहे असे समजावे. मग एकतर जादा पैसे भरून स्थिर पत्ता घ्यावा लागतो किंवा टेलस्केलसारख्या सेवेच्या मध्यस्थीने घरचे यंत्र बाहेर पडण्याचे दार म्हणून वापरावे लागते. मी दुसरा मार्ग धरला. दुसरी अडचण विजेची. देखभालीसाठी दिवसभर वीज गेली की घरचे दार बंदच, म्हणून राउटर, फायबरचे यंत्र आणि रास्पबेरी पाय हे तिन्ही इन्व्हर्टरवर असलेच पाहिजेत. आणि बाहेर बसून आपण जे उतरवून घेतो ते घराच्या अपलोडमधून येते, हेही जोडणी घेताना पाहावे.

तारघर:
फायरवॉलच्या नियमाने माझा निम्मा आक्षेप मिटला. तरी ‘प्रत्येकाने’ हा शब्द मला अजूनही खटकतो, कारण इतक्या बारकाईने मांडणी करणारे घरोघरी नसतात, आणि अर्धवट मांडणीने आपण सुरक्षित आहोत असा समज मात्र पक्का होतो. एक उदाहरण देतो. लिनक्स लॅपटॉपच्या वायरगार्डच्या फाईलमध्ये परवानगीच्या पत्त्यांसमोर नुसते ०.०.०.०/० लिहिले असेल, तर फक्त आयपीव्ही४ ची (इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या पद्धतीची) रहदारी घरी जाते. वाय-फायवर आयपीव्ही६ ही नवी पद्धत असेल, तर ती रहदारी टनेलबाहेरून सरळ निघून जाते आणि पडद्यावर टनेल चालूच दिसते. त्यासाठी तिथेच ::/० देखील लिहावे लागते. तुम्ही ते लिहिले आहे का?

वाटसरू:
आताच फाईल उघडून पाहिली. फोनमध्ये दोन्ही आहेत. लॅपटॉपमध्ये दुसरे नव्हते, म्हणजे वर्षभर जिथे जिथे आयपीव्ही६ होते तिथली माझी काही रहदारी उघड्यावरूनच गेली. दुरुस्ती केली आहे, आणि मूळ लेखनातला ‘प्रत्येकाने’ हा शब्द मी मागे घेतो.