घोटा मुरगळला: हाड लवकर जुळतं, मग लिगामेंटला इतका वेळ का?

सह्यवारी:
मनगटाचं हाड साधारण 6 आठवड्यांत जुळतं. मग पाय आत वळून घोट्याच्या बाहेरचं लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) फाटलं, तर सूज उतरूनही पाऊल महिनोन् महिने डगमगत का राहतं? प्लास्टर घालत नाहीत म्हणून?

अस्थिपंजर:
दोन्ही भरून येण्याची रीतच वेगळी. हाडाला रक्त भरपूर. मोडल्या जागी रक्त साकळतं, त्यात आधी मऊ, मग कडक कॅलस (मोड सांधणारा भराव) धरतो आणि शेवटी तिथे अस्सल हाडच तयार होतं. वण उरत नाही. लिगामेंटमध्ये रक्तवाहिन्या कमी, पेशीही कमी. तिथे आधी तिसऱ्या प्रकारचं कोलॅजेन (धाग्यांसारखं प्रथिन) घाईघाईने, कसंही पडतं. त्याजागी पहिल्या प्रकारचे जाड धागे बसायला महिने जातात, कधी वर्ष. तरी मूळची ताकद पुरती येत नाही. सूज उतरली म्हणजे फक्त दाहाचा टप्पा संपला.

राहिलं प्लास्टर. धागे सरळ रांगेत येतात ते ओढ पडली तरच. 6 आठवडे गच्च बांधलं की सांधा आखडतो, पोटरी सुकते. पूर्ण फाटलं असेल तर दहाएक दिवस प्लास्टर देतात, पुढे ब्रेस (घोट्याला आधार देणारा, काढता-घालता येणारा पट्टा).

पोटरी_पाटील:
डगमगण्याचं आणखी एक कारण, जे बहुतेक जण विसरतात. लिगामेंटमध्ये ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात, फाटताना तीही दुखावतात. पाऊल वळतंय ही खबर उशिरा पोचते आणि नडगीच्या बाहेरचे पेरोनियल स्नायू वेळेवर ओढ घेत नाहीत. नुसत्या विश्रांतीने हे सुधारत नाही.

वजन पेलवलं की भिंतीजवळ दुखऱ्या पायावर 30 सेकंद उभं राहा, तीनदा. जमलं की डोळे मिटून, मग उशीवर. रबरी पट्टा पावलाला अडकवून पाऊल बाहेर वळवा, 15 च्या 3 फेऱ्या. परत येताना सावकाश, पट्ट्याने झटक्यात ओढू देऊ नका. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर फेऱ्या निम्म्या करा.

गड उतरणं सगळ्यात शेवटी. उतारावर पाऊल खाली झुकतं आणि नेमक्या त्याच स्थितीत घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं लिगामेंट सर्वाधिक ताणलेलं असतं.

हळदलेप:
आणि पहिले 2-3 दिवस मालिश नको, शेकही नको. आतला रक्तस्राव वाढतो. बर्फ कापडात गुंडाळून 15 मिनिटं. दुखणं कमी होईल, पण त्याने लिगामेंट लवकर भरतं असं नाही.

मात्र आधी हाड शाबूत आहे याची खात्री हवी. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या 6 सेंटीमीटरमध्ये, दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे काढा. करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर जो उंचवटा लागतो तोही दाबून बघा. पाय आत वळला की तिथलं हाड मोडू शकतं, आणि घोट्याच्या सुजेच्या नादात ते हमखास राहून जातं.