चहातली साखर कमी करायची आहे. मसाल्यांनी खरंच भागतं का?

अडीचकप:
दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. परवा सहज हिशोब मांडला. सपाट चमचा म्हणजे साधारण ४ ग्रॅम, म्हणजे नुसत्या चहातून ३२ ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी बरं. २,००० कॅलरींमागे ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. बिस्किटं मी मोजलेली नाहीत आणि मोजणारही नाही.

दालचिनी घातली की साखर कमी लागते, असं वाचलं. म्हणून साखर पूर्ण बंद केली आणि कपात अर्धा चमचा दालचिनी पूड ढवळली. पहिल्या घोटाला ठसका, तळाशी शेंबडासारखा गाळ. चहा बेसिनमध्ये. माझं काय चुकलं?

गूळवाला:
साखरेऐवजी गूळ नाहीतर मध घाला. प्रश्नच मिटला.

अडीचकप:
अहो, तीही साखरच की. रंग बदलला म्हणून हिशोब थोडाच बदलतो?

खलबत्ता:
दोन गोष्टी चुकल्या. पूड पाण्यात विरघळत नाही, फुगून बुळबुळीत होते. अख्खा तुकडा पाण्याबरोबरच उकळायला टाका आणि चहा गाळून घ्या. दुसरी चूक म्हणजे साखर एका दमात बंद करणं. दालचिनी, वेलची, व्हॅनिला यांची गोडी जिभेवर नसतेच. हे वास आपण आयुष्यभर गोडाबरोबरच घेतलेले असतात, म्हणून तो वास आला की मेंदू असलेली गोडी वाढवून सांगतो. मुळात साखर शून्य असेल तर तो वाढवणार काय?

करून बघा: नाक घट्ट दाबून दालचिनीची चिमूट जिभेवर ठेवा. खरखरीत, किंचित तिखट, बस्स. नाक सोडलं की मग दालचिनी ‘येते’. बडीशेप मात्र वेगळी. तिच्यातलं अ‍ॅनेथॉल हे सुगंधी द्रव्य स्वतःच गोड असतं, त्यामुळे नाक दाबूनही थोडी गोडी लागते.

मी दर आठवड्याला पाव चमचा साखर कमी करत गेलो. वेलची ऐनवेळी ठेचायची, कुटून ठेवलेल्या पुडीचा वास उडून जातो. आणि चहा गरमच प्या. गार झाला की वास दबतो आणि साखर कमी असल्याचं लगेच कळतं.

तमालपत्र:
दालचिनी रोज घेणार असाल तर कोणती, ते बघा. जाड, टणक, एकाच सालीची गुंडाळी ती कॅसिया. तिच्यात कुमारिन नावाचं नैसर्गिक सुगंधी द्रव्य बरंच असतं आणि ते जास्त झालं तर यकृताला त्रास होतो. युरोपातली मर्यादा शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ०.१ मिलिग्रॅम आहे. कॅसियाच्या चमचाभर पुडीतही ती गाठली जाऊ शकते. पातळ सालींचे पदर एकात एक गुंडाळलेली ती सिलोन, तिच्यात कुमारिन नगण्य.

कुणी ज्येष्ठमध सुचवायच्या आधीच सांगते. त्यातला गोड घटक साखरेपेक्षा कितीतरी पट गोड असतो हे खरं, पण ज्येष्ठमध रोज घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. रक्तदाबाच्या माणसाने त्या वाटेला जाऊच नये.

अडीचकप:
तीन आठवडे झाले. सिलोनचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, एक वेलची आणि साखर सव्वा चमच्यावर. ३२ ग्रॅमचे २० झाले. दह्यात केळं कुस्करून वर वेलची घालते, त्यात तर साखरेची आठवणही येत नाही.

फक्त मंगळवारी सर्दीने नाक चोंदलं आणि चहा म्हणजे नुसतं कोमट पाणी वाटायला लागलं. दोन दिवस मुकाट्याने दोन-दोन चमचे घातले. खलबत्ता, तुमचा नाक दाबायचा प्रयोग माझ्याकडून फुकटात झाला.