हॉलचा टीव्ही : ४३, ५० की ५५?

ए-२०४ : नमस्कार मंडळी. हॉलसाठी टीव्ही घ्यायचाय. सोफ्याच्या पाठीपासून समोरच्या भिंतीपर्यंत ९ फूट. घरात ४३ इंची आणि ५५ इंची असे दोन पक्ष पडलेत. टीव्ही युनिटचा खण ४९ इंच रुंद, २९ उंच, १६ खोल. काय घ्यावं?

सी-५०१ : ताई, भिंतीपासून नाही, डोळ्यांपासून पडद्यापर्यंत मोजा. टेकून बसलं तरी डोळे सोफ्याच्या पाठीपुढे ८ इंच येतात. ब्रॅकेटसकट टीव्ही भिंतीपुढे आणखी ४ इंच. १०८ मधून १२ गेले, राहिले ९६. त्याला १.६ ने भागा, ६० येतात, १.२ ने भागा, ८०. ६० इंची टीव्ही म्हणजे रोजचं आरामात बघणं, ८० म्हणजे थिएटरच्या पुढच्या रांगा. ४३ लहानच वाटेल.

ए-२०४ : पण ४३ आणि ५५ मध्ये १२ इंचांचाच तर फरक आहे ना?

बी-१०२ : ते कर्णाचं माप झालं. पडद्याचं क्षेत्रफळ १.६४ पट होतं. रुंदी हवी तर कर्ण गुणिले ०.८७, उंचीला ०.४९. म्हणजे ५५ चा पडदा ४८ बाय २७, आणि ४३ चा ३७.५ बाय २१.

ए-२०४ : मग ५५ खणात बसतो की!

सी-५०१ : कागदावर बसतो 😀 कडा धरून टीव्ही साधारण ४८.५ बाय २८ भरतो. दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच उरला, तिथे बोट जाणार नाही. ब्रॅकेटवर टांगताना टीव्ही थोडा वर उचलून हुकात सोडावा लागतो, वर मोकळा एक इंच. टांगला तरी नंतर एक एचडीएमआय केबल बदलायची तर पुन्हा उतरवा. गरम हवेला वाट नाही ते वेगळंच. पायांवर उभा करायचा तर उंची दोन-तीन इंच वाढते, म्हणजे विषयच संपला.

बी-१०२ : ५० पायांवरही बसेल, ४४ बाय २८ च्या आसपास. फक्त पायांमधलं अंतर बघून घ्या. हल्ली पाय दोन टोकांना असतात.

सी-५०१ : बसेल, पण खणासाठी टीव्ही लहान करणं मला पटत नाही. पुढे ओढता येणाऱ्या हाताचं ब्रॅकेट लावा आणि ५५ खणाच्या तोंडापुढे आणा. पडदा भिंतीपासून १८ इंचांवर येईल. १०८ वजा ८ वजा १८, उरले ८२. त्याला १.६ ने भागलं तर ५१, १.२ ने ६८. ५५ बरोबर मधे.

ए-२०४ : हात बाहेर काढल्यावर भिंत पेलेल?

सी-५०१ : वजन १५ किलोच्या आसपास, पण हात लांबला की वरच्या बोल्टवर ओढ येते. पक्क्या विटेत चालतं. पोकळ ब्लॉक किंवा जिप्सम असेल तर मागे जाड प्लाय हवा. ब्रॅकेट घेताना टीव्हीमागच्या चार भोकांमधलं अंतर जुळवा, ३०० बाय २०० मिलिमीटर वगैरे लिहिलेलं असतं. स्क्रू टीव्हीच्या पुस्तिकेत दिलेल्या लांबीचेच. लांब स्क्रू जोर लावून पिळला तर आतून पॅनल जातं.

ॲडमिन : गुड मॉर्निंगची फुलं थोडा वेळ थांबवा, इथे कामाचं चाललंय 🙏

बी-१०२ : ताई, उंचीही बघा. बसल्यावर डोळे जमिनीपासून ४० ते ४२ इंचांवर असतात, पडद्याचा मध्य तिथेच हवा. आणि साधे, एचडी नसलेले चॅनल ५५ वर थोडे धूसर दिसतात. मूळ चित्रच ५७६ ओळींचं, तेच ताणलं जातं. बिघाड समजून टीव्ही परत करू नका.

ए-२०४ : खणाचा तळ ३४ इंचांवर आहे.

बी-१०२ : मध्य ४८ वर आला, सात इंच वर. इतक्या अंतरावर मान नाही दुखत. आज रात्री ४८ बाय २७ चा चौकोन जुन्या वर्तमानपत्रांचा जोडून युनिटच्या तोंडावर चिकटवा आणि एक दिवस तसाच ठेवा. बाजूच्या खुर्चीवरूनही बघा. कडेला बसणारं कोणी असेल तर पडद्याचा प्रकार विचारा. आयपीएस पॅनल घ्या, दुसऱ्या प्रकारच्या, व्हीए पॅनलचा रंग तिरकं बघताना उडतो.

ए-२०४ : की खण रुंद करायला उजवी फळीच काढून टाकू?

सी-५०१ : वरचा खण तिच्यावर टेकलाय का ते आधी बघा. त्यात पुस्तकं असतील तर ती उतरवूनच हात लावा.