स्परियर यांचे मोजमाप वॉशिंग्टनवरून नको

वॉशिंग्टनच्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघासोबत २००२ आणि २००३ च्या हंगामांत १२ विजय आणि २० पराभव पदरी आले, एवढ्यावरून स्टीव्ह स्परियर हे सामान्य प्रशिक्षक ठरतात, हे काही जणांचे मत मला एकांगी वाटते. या खेळातील महाविद्यालयीन पातळी हेच त्यांचे खरे मैदान होते. १९६६ साली ते फ्लोरिडा विद्यापीठाकडून खेळत असताना ऑबर्न विद्यापीठाविरुद्धचा सामना २७-२७ असा अडला होता; तेव्हा स्वतः क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारे खेळाडू, असूनही त्यांनी नेहमीच्या किकरला (चेंडू पायाने मारणाऱ्या खेळाडूला) थांबवले, ४० यार्डांवरून चेंडू गोलखांबांमधून मारला आणि फ्लोरिडाला जिंकून दिले. त्याच वर्षी त्यांना हाइझमन ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा पुरस्कारही, मिळाली. हीच धिटाई पुढे प्रशिक्षकपदीही दिसली. धावून चेंडू पुढे नेण्यावर भिस्त असलेल्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये (फ्लोरिडा ज्यात खेळते त्या विद्यापीठ संघांच्या गटात) १९९० पासून त्यांनी फ्लोरिडाचे प्रशिक्षक म्हणून पासचा, म्हणजे चेंडू फेकून पुढे नेण्याचा, धडाका लावला आणि १९९६ च्या हंगामात फ्लोरिडाला पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. शिवाय वॉशिंग्टननंतर ते साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या संघाकडे गेले आणि तिथे २०११ ते २०१३ असे सलग तीन हंगाम प्रत्येकी ११ सामने जिंकले, याचा हिशेब असे मत मांडणारे धरत नाहीत.