पुण्यातली गहाण जागा: मागचा भाग विकायचा आहे

नमस्कार मंडळी,

कोथरूडच्या आमच्या बंगल्याचा प्लॉट माझ्या नावावर आहे आणि त्यावर गृहकर्ज चालू आहे. मागची २ गुंठे मोकळी जागा शेजारी घ्यायला तयार आहेत. येणारे पैसे कर्जातच भरायचे आहेत. शाखेतून ‘विक्रीला हरकत नाही’ अशी मेलही आली आहे. एवढ्यावर खरेदीखत करता येईल का? बाबांना आता फेऱ्या झेपत नाहीत, म्हणून आधीच विचारते.

र., म्युनिक

---

प्रिय र.,

ती मेल जपून ठेव, पण तिच्या भरवशावर खरेदीखत करू नकोस. कर्ज कितीही फिटत आलं असलं, तरी शेवटच्या रुपयापर्यंत गहाण सगळ्या प्लॉटवर असतं. थोडी रक्कम भरून तेवढाच तुकडा सोडवून घ्यायचा हक्क कर्जदाराला नाही. बँक तो सोडते ती आपल्या अटींवर, म्हणून त्या अटी कागदावर हव्यात.

लेखी अर्ज कर. उरलेलं तारण कर्जाला पुरतंय का हे पाहायला बँक नव्याने मूल्यांकन करून घेईल. तिच्या मंजुरीपत्रात विकायच्या भागाच्या चतुःसीमा, क्षेत्रफळ, कर्जखात्यात भरायची रक्कम आणि ती मिळताच त्या भागापुरतं मुक्तिपत्र (गहाण सोडल्याचा दस्त) नोंदवून देण्याची हमी, हे सगळं असू दे. खरेदीखत आणि मुक्तिपत्र एकाच दिवशी व्हावं, दुय्यम निबंधकांसमोर बँकेचा अधिकारी हजर असावा आणि शेजाऱ्यांचा डीडी थेट बँकेच्या नावे निघावा. मिळकत पत्रिकेवरून तेवढ्या भागाचा बोजा उतरल्याशिवाय काम झालं असं समजू नकोस. कर्ज बदलत्या व्याजदराचं असेल तर मुदतीआधी भरण्याचा दंड लागत नाही.

पण या सगळ्याच्या आधी महापालिका! प्लॉटचे दोन भाग करायला तिची मंजुरी लागते. बंगल्याचा एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण) आणि सामासिक अंतरं (बांधकामाभोवती मोकळी सोडायची जागा) पूर्ण प्लॉट धरून मंजूर झालेली असतात. २ गुंठे गेले की तेच बांधकाम उरलेल्या जागेला जास्तीचं ठरू शकतं, आणि तुझी तर नेमकी मागची मोकळी जागाच जाणार. शिवाय त्या तुकड्याला रस्ता नसेल तर तो शेजाऱ्यांच्या प्लॉटमध्ये एकत्र करून दाखवावा लागेल. तेव्हा आधी आर्किटेक्टकडून मंजूर नकाशा तपासून घे, मग मोजणी, आणि त्यानंतर बँक. प्लॉट गृहनिर्माण संस्थेतला असेल तर संस्थेचं ना-हरकत पत्रही लागेल.

शेजाऱ्यांनाही आत्ताच स्पष्ट सांग: मूळ कागद बँकेकडेच राहतील. त्यांना प्रमाणित प्रती मिळतील, आणि गरज पडेल तेव्हा मूळ कागद दाखवण्याची हमी खरेदीखतात लिहून द्यावी लागेल. ते स्वतः कर्ज काढणार असतील, तर त्यांची बँक पहिल्यांदा हेच विचारेल.

वि. काका, पुणे

---

र.,

काकांच्या पत्रात दोन गोष्टींची भर घालते.

बाबा सह्या करणार असतील तर तुझं कुलमुखत्यारपत्र भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून पाठव. भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. बँकेशी पत्रव्यवहार करायचा आणि मुक्तिपत्र स्वीकारायचा अधिकारही त्यात लिही. नुसता ‘विक्रीचा अधिकार’ पुरत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. तू अनिवासी आहेस, त्यामुळे शेजाऱ्यांना टीडीएस कापावाच लागेल. कमी कपातीचा दाखला नसेल तर तो नफ्यावर न कापता पूर्ण किमतीवर कापला जातो. बँकेला सगळी किंमत कबूल करून बसलीस, तर नेमकी तेवढी तूट पडेल आणि बँक मुक्तिपत्रावर सही करणार नाही. आयकर खात्याकडून दाखला आधी काढ, आकडा मग कळव.

शु., श्टुटगार्ट

---

काका, शु. ताई, मनापासून आभार. येत्या रविवारी शेजाऱ्यांकडून विसार घ्यायचं ठरलं होतं. बाबांना फोन करून ते थांबवलं आहे. मंजूर नकाशा मिळाला की आधी आर्किटेक्टकडेच पाठवते.

र.