मदत हवी आहे: भूकंपाचा ताण इतक्या लांब पोचतो कसा?

नमस्कार मंडळी. बडोद्याहून, दांडिया बाजारातून लिहितेय. प्रश्न भूकंपाचा आहे, भांडण मात्र घरातलं.

26 जानेवारी 2001ला सकाळी पावणेनऊला, भुजच्या भूकंपात, आमच्या मोरीतल्या घंगाळातलं पाणी हिंदकळून बाहेर सांडलं होतं. त्याचं केंद्र कच्छमधल्या भचाऊजवळ, इथून सव्वातीनशे किलोमीटर. तेव्हापासून सासऱ्यांचं ठाम मत: कच्छ मोकळं झालं, तो ताण आता नर्मदेकडे सरकलाय. जगात कुठेही मोठा धक्का बसला की ते जिन्याखालची बॅटरी लावून बघतात.

मी बारावीला फिजिक्स शिकवते, म्हणून कागद घेऊन बसले. भ्रंश, म्हणजे जमिनीखालच्या खडकातली मोठी चीर, सरकल्यावर भोवतालच्या खडकात कायमचा बदललेला ताण लांबवर अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. अंतर दसपट, तर ताण हजारावा हिस्सा. म्हटलं, बाबा, मिटलं.

कसलं मिटतंय! भाच्याला कामाला लावून त्यांनी दोन दाखले काढले. 1992चा कॅलिफोर्नियातला लँडर्सचा भूकंप, 7.3 चा, लगेच सव्वाबाराशे किलोमीटरवरच्या यलोस्टोनमध्ये बारीक धक्के. 2002ला अलास्कातल्या देनालीच्या 7.9 नंतर पुन्हा तिथेच, तेही तीन हजार किलोमीटरवरून. माझं गणित कुठे अडलं?

खडूफळा: गणित बरोबर आहे ताई, ताण वेगळा आहे. तुम्ही धरलात तो मुरलेला, कायम राहणारा ताण. तो शेजारीच खेळतो: तुर्कस्तानात 1939च्या एर्झिंजानच्या भूकंपानंतर एकाच लांब भ्रंशावर मोठे भूकंप साधारण पश्चिमेकडे सरकत 1999ला इझ्मितपर्यंत आले. यलोस्टोनला पोचला तो लहरींबरोबर येऊन जाणारा. पृष्ठीय लहरी खोलात न जाता वरच्या थरातून पसरतात, म्हणून सावकाश विरतात. तरी नुसत्या हलण्यानं भागत नाही. भ्रंश आधीच सरकण्याच्या काठावर आलेला हवा. यलोस्टोनसारखं खाली कढत पाणी कोंडलेलं असेल तर आणखी सोपं.

मी: पण लहर तर थोड्या वेळात निघून जाते. एप्रिल 2012च्या सुमात्राजवळच्या 8.6 नंतर जगभर 5.5 च्या वरचे भूकंप सहा दिवस वाढलेले होते म्हणे. मग सहा दिवस ताण धरून कोण बसलं?

खडूफळा: इथेच खरी मारामारी आहे. एक म्हणणं, हलण्यानं भेगांतला गाळ सुटतो, पाणी नवी वाट काढतं आणि आतला दाब हळूहळू बदलत राहतो. दुसरं, भ्रंश आधी आवाज न करता सरकू लागतो आणि मग तुटतो. एकमत नाही. नर्मदेचं म्हणाल, तर भरूचचा भूकंप 1970चा, जबलपूरचा 1997चा. दोन्ही भुजच्या आधीचे.

मी: आभार. बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "म्हणजे ती आधीपासूनच जागी आहे?" आता दोन बॅटऱ्या आल्यात.